मंत्रिमहोदय, सुट्टी देण्याआधी बाळाच्या जिभेखाली एकदा बघायला सांगा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी नागपुरात बाळंतिणींना अंगावर पाजायला मदत करते. 'दूधच येत नाही' म्हणून रडकुंडीला आलेली पोर समोर बसते. पदराखाली बाळ चट्-चट् आवाज करत ओढतं, सुटतं, पुन्हा लागतं आणि पोट न भरताच थकून झोपी जातं. हिच्या बोंडांना चिरा पडलेल्या, घरच्यांनी वरचं दूध सुरू केलेलं. अशा वेळी रडताना बाळाची जीभ बघा. कधी कधी टोक पत्त्यातल्या बदामासारखं मधोमध ओढलेलं दिसतं आणि खाली ताणलेला पडदा. हीच चिकटलेली जीभ, म्हणजे टंग-टाय. आईला दूध असतं, बाळाला ते ओढता येत नाही.

पडदा दिसला की कापा, असं मी मुळीच म्हणत नाही. पुष्कळ बाळं पडदा आखूड असूनही मजेत पितात, काहींचं बाळ धरायची पद्धत बदलली की भागतं. उरलेल्यांसाठी डॉक्टर कात्रीनं तो मोकळा करतात. काही सेकंदांचं काम, रक्त अगदी थोडं, बाळ लगेच अंगावर. जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलं ना, घरात रक्तस्रावाचा आजार नाही ना, हे आधी विचारायचं. मूल मोठं झालं की यासाठी बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते.

वरच्या ओठाचा पडदा मात्र दूध पिण्यासाठी कापावा, याला भक्कम आधार नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२४मध्ये सरसकट कापाकापीबद्दल सावध केलं आहे. घाबरलेल्या आईबापांकडून लेझरनं पडदा कापण्याचे पैसे विनाकारण घेतले जाऊ नयेत, यासाठीही सरकारी दवाखान्यात खात्रीचा सल्ला हवा.

२०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या जन्मजात दोषांच्या यादीत फाटलेला ओठ-टाळू आहे, चिकटलेली जीभ नाही. आशाताई तिसऱ्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात, वजन करतात. वजन वाढत नसेल तर पाजणं बघा आणि जिभेखाली बघा, एवढं त्यांच्या प्रशिक्षणात घाला. प्रसूतीनंतर सुट्टी देण्याआधी परिचारिकेनं एकदा तरी पाजताना शेजारी बसावं.

नागपुरातलं डागा स्त्री रुग्णालय आपल्या खात्याचं. मेयो आणि मेडिकल ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि शासकीय दंत महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. ओल्या बाळंतिणीनं या दोन खात्यांमध्ये का हेलपाटे घालावेत? डागातून निघतानाच तिच्या हातात पुढे कुठे दाखवायचं याची चिठ्ठी असू द्या, तीवर डॉक्टरांचं नाव, वार आणि खोली क्रमांक लिहिलेला. त्यासाठी दोन्ही खात्यांचा एक संयुक्त आदेश काढावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक स्तनपान समुपदेशक, नागपूर