संशोधन निधी म्हणजे शैक्षणिक दर्जा नव्हे

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयांचा क्रम लावताना नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ (एनआयएच) या सरकारी यंत्रणेकडून मिळालेले अनुदान हा शैक्षणिक दर्जाचा निकष म्हणून अनेक वर्षे वापरला गेला आहे. हे अनुदान तज्ज्ञांनी प्रस्ताव पारखून दिलेले असते, त्यामुळे अधिष्ठात्यांची मते गोळा करून ठरवलेल्या क्रमांकापेक्षा ते अधिक विश्वासार्ह आहे, हे मान्य करायला हवे. अडचण आहे ती रक्कम कोणाच्या खाती मांडली जाते, याची.

हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या मालकीचे एकही रुग्णालय नाही. मॅसॅच्युसेट्स जनरलसारखी संलग्न रुग्णालये स्वतःच्या नावे अनुदान मिळवतात. ते धरले तर हार्वर्ड अग्रस्थानी येते आणि केवळ महाविद्यालयाचे अनुदान मोजणाऱ्या ब्लू रिज संस्थेच्या यादीत बरेच खाली जाते. अध्यापक आणि प्रयोगशाळा मात्र त्याच! शिवाय अनुदानात इमारती, वीज आणि प्रशासन यांचा वाटाही असतो व त्याचा दर संस्थेगणिक वेगळा ठरतो. त्यामुळे तेच संशोधन चढ्या दराच्या संस्थेत झाले की आकडा आपोआप फुगतो. हार्वर्डने २०२३ मध्ये ‘यू. एस. न्यूज’च्या क्रमवारीला माहिती देणे थांबवले आणि पुढल्याच वर्षी त्या नियतकालिकाने वैद्यकीय महाविद्यालयांना क्रमांकांऐवजी श्रेणी दिल्या.

याचा पुण्याशीही संबंध आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांचे एचआयव्हीवरील संयुक्त संशोधन एनआयएचच्या पैशावर चालत आले आहे. आईकडून बाळाला स्तनपानातून होणारा संसर्ग रोखण्याच्या चाचणीत बी. जे.शी संलग्न ससून रुग्णालयातील माता व त्यांची अर्भके सहभागी होती. अनुदान मात्र जॉन्स हॉपकिन्सच्या नावे होते. निधीच्या यादीत पुण्याचे ते काम दिसतच नाही.

आपल्या केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत २०१८ पासून वैद्यकीय गट आहे आणि तेथेही प्रकल्पनिधीला गुण आहेत. त्यांचा भार वाढवण्याची मागणी होण्यापूर्वी संयुक्त प्रकल्पांचा निधी कोणाच्या नावे धरला, हे संस्थानिहाय जाहीर व्हावे. एमबीबीएसला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला तर त्या रकमेपेक्षा वॉर्डात किती रुग्ण आणि किती शिक्षक असतात, हे कळणे अधिक गरजेचे आहे.

– एक वाचक, पुणे