दवाखान्याची तारीख नसताना या

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्यात घालायचे थेंबही आता बंद झाले, हे काल आईने सांगितलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या मी कागद पुढे ओढला. फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. पत्र मात्र दुपारी पुन्हा काढून वाचता येतं.

गेल्या चार वर्षांत तुम्ही पुण्याला सात वेळा आलात, आणि सातही वेळा कुठल्या ना कुठल्या तपासणीसाठी. कराडहून पहाटेची एसटी, स्वारगेट, रिक्षा, रिपोर्ट आणि दुसऱ्या दिवशी "गाईची धार कोण काढणार" म्हणून परत. या डिसेंबरात एकदा नुसते या. काही बघायला या.

गेल्या रविवारी तुमच्या नातवाला घेऊन मी राजा केळकर संग्रहालयात गेले होते. बाजीराव रस्त्यावरून इतकी वर्षं जाते-येते, पण आत शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच गेले. दिनकर केळकरांच्या घरी चष्म्याचा व्यवसाय होता आणि ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता करत. त्यांचा राजा नावाचा मुलगा सातव्या वर्षी गेला. त्याच्याच नावाने त्यांनी हे सगळं उभं केलं. गावोगाव फिरून, जुन्या वाड्यांतून, मोडीत निघालेल्या सामानातून एकेक वस्तू आणली, आणि पत्नी कमलाबाई या सगळ्यात त्यांच्या सोबत होत्या. वस्तू वीस हजारांच्या घरात गेल्या. पुढे त्यांनी तो सगळा ठेवा राज्य सरकारच्या हाती दिला. त्यातला थोडाच आपल्याला बघायला मिळतो, कारण सगळं मांडायला तिथे जागाच नाही.

आई, ते संग्रहालय तू बघायला हवंस. तिथे राजेरजवाड्यांचं फारसं काही नाही. समया आहेत, लामणदिवे आहेत, पाय घासायच्या वज्र्या आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. एका कपाटापुढे नातवाने विचारलं, "आई, या डबीत इतके कप्पे कशाला?" कुंकवाचा करंडा होता तो. मी म्हटलं, कुंकू ठेवायला. "मग एकच कप्पा पुरला असता ना?" मला पुढे सांगता येईना. घरी येताना रिक्षात आठवलं, तुझी आजी आधी कपाळाला मेण लावायची आणि मग त्यावर कुंकू टेकवायची, असं तू एकदा माझी वेणी घालताना म्हणाली होतीस. म्हणजे एक कप्पा मेणाचा. उरलेले कशाचे, हे मला अजून माहीत नाही. पाटीवर एका ओळीत वस्तूचं नाव असतं. ती कोण, कधी, कशी वापरायचं, हे तुझ्याकडे आहे. तू तिथे नातवाचा हात धरून एकेका काचेपुढे उभी राहावीस आणि मी मागे उभं राहून ऐकावं, एवढंच मला हवं आहे.

बाबा, तुमच्यासाठी अडकित्ते. घोड्याचे, पक्ष्यांचे, माणसांचे आकार, आणि प्रत्येकाची मूठ निराळी. आजोबांचा पितळी अडकित्ता तुम्ही अजून फडक्यात गुंडाळून ठेवता ना? तो सोबत आणा. शेजारी धरून बघू. आणखी एक. बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणून आत पुन्हा जोडले आहेत. तो महाल होता आमच्या कोथरूडला. मी रोज भाजी आणते त्याच भागात कुठेतरी, या विचाराने मी तिथे बराच वेळ खिळून राहिले.

जिने आहेत, पण घाई नाही. एका दिवशी एकच मजला बघू. स्वारगेटहून आता भुयारी मेट्रो आहे आणि मंडई तिथून पहिलंच स्टेशन. वर यायला लिफ्ट आहे, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना त्रास नाही.

आता सवाई. बाबा, तुम्ही ऐन तिशीत भजनी मंडळातल्या चौघांबरोबर रमणबागेत येऊन रात्रभर गाणं ऐकलंत आणि पहाटे कुडकुडत एसटी स्टँडवर चहा प्यालात, ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली आहे. भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला तो महोत्सव अजून दर डिसेंबरात होतो, हल्ली मुकुंदनगरला. भीमसेनजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तरी माणसं तशीच गाण्यासाठी लांबलांबून येतात. आता रात्र जागवावी लागत नाही. ध्वनिवर्धकांच्या नियमामुळे दुपारी सुरू होऊन रात्री दहाच्या सुमाराला संपतं, फक्त एखादा दिवस बारापर्यंत चालतं. तुम्हाला ते थोडं लागेल, मला माहीत आहे. उत्तररात्रीचे राग आता तिथे ऐकायला मिळत नाहीत. पण शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजातली भैरवी लावतात, तेव्हा सगळा मंडप गप्प होतो. तो क्षण तुमच्या शेजारी बसून ऐकायचा आहे. भारतीय बैठक नको, खुर्चीची तिकिटं काढते. आई, तुला गाण्याचा कंटाळा आला तर शाल पांघरून डुलकी काढ, कोणी काही म्हणणार नाही.

डिसेंबरच्या अखेरीस भीमथडी जत्राही असते. बचत गटांच्या बायका हुरडा, मासवडी, घोंगड्या घेऊन येतात. तिथे आईला आवरणं अवघड जाईल. जमलं तर जाऊ.

आणि परत जाताना मीही कराडपर्यंत येते. औंधच्या यमाईला आपण दर वर्षी जातो, पण डोंगरावरच्या वाटेतल्या श्रीभवानी संग्रहालयात मी एकदाच गेले आहे, तेही पाऊस आला म्हणून. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली ते उभारलं. ते स्वतः चित्रं काढत. हेन्री मूरचं आई-मुलाचं छोटं शिल्प आपल्या खटाव तालुक्यात आहे, हे इकडे ऑफिसात कोणाला खरं वाटत नाही. या वेळी बाबांच्या नव्या डोळ्यांनी ती चित्रं जवळून बघू.

गाईचं मी काकूंशी बोलले आहे. आठवडाभर त्या दोन्ही वेळा धार काढतील, तसं त्यांनी आपणहून सांगितलं. सवाईच्या तारखा लागल्या की तिकिटं काढून कळवते. आई, स्वेटर बाबांच्या पिशवीत तूच ठेव, ते विसरतात. आणि अडकित्ता.

तुमची,
ताई