जामीनदाराची ऐपत पाहता, मग आरोपीची का नाही?

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी ३१ वर्षं तालुका न्यायालयांत नोकरी केली, शेवटची ८ नाझर, म्हणजे कोर्टाची रोकड सांभाळणारा, म्हणून. आत साहेबांनी दंड सुनावला की माणूस माझ्या खिडकीशी यायचा. कुणी पाकिटातून नोटा काढून ठेवी आणि पावती न बघताच निघे. कुणी रुमालाची गाठ सोडून दहा-वीसच्या नोटा मोजत बसे आणि बायको तोवर सराफाकडे गेलेली असे. कलम एकच असेल तर दंडही बहुतेक वेळा दोघांना एकच.

एक प्रसंग अजून डाचतो. दंड ३,००० रुपये, न भरल्यास एक महिना साधी कैद. त्या मजुराने १,९०० आणले होते. कॅश बंद करायची वेळ झाली होती. निव्वळ दंडाची शिक्षा असेल तर न्यायालय पैसे भरायला तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२४ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४६४ आहे. मला ते माहीत होतं. त्याला नव्हतं. त्याचा वकील दुसऱ्या कोर्टात गेला होता आणि मी काही बोललो नाही. शेवटी आमच्या शिपायाने आणि आणखी दोघांनी मिळून ११०० जमवले. दर वेळी असे शिपाई भेटत नाहीत.

जामिनाचं याहून अवघड. जामीनदार उभा राहिला की सातबारा दाखवा, घरपट्टीची पावती दाखवा, रेशनकार्ड दाखवा, आणि तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणा. आपल्या सरकारी पोर्टलवर त्याला ‘पत दाखला’ म्हणतात. म्हणजे ऐपत मोजायची रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. पण ज्याच्यासाठी तो जामीनदार आणायचा, त्याला २५,००० चा जामीन झेपेल का, हे विचारायला कागदावर एक ओळ नाही. ज्याच्या ओळखीत सातबारावाला कुणी नाही, तो आत राहतो, नाहीतर आवाराबाहेर भाड्याचा जामीनदार शोधतो. (भाड्याचे जामीनदार कोणत्या टपरीवर बसतात हे कोर्टात सगळ्यांना माहीत असतं.)

हे काही मी नव्याने सांगत नाही. १९७८ साली मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे एक गवंडी होता. मॅजिस्ट्रेटने त्याच्याकडे १०,००० चा जामीन मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० च्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडलं. २००७ साली शांतिलाल प्रकरणात अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या एका गरीब कैद्याला एक लाखाचा दंड आणि तो न भरल्यास तीन वर्षं कैद होती. ती तीन वर्षं न्यायालयाने सहा महिन्यांवर आणली. आणि आपल्याच राज्यातल्या अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणात २०१३ साली तर स्पष्टच सांगितलं, की पीडिताला भरपाई द्यायची का, याचा विचार न्यायालयाने केलाच पाहिजे आणि आरोपीची भरण्याची कुवत थोडक्यात तपासली पाहिजे. भरपाईसाठी कुवत तपासता येते, तर दंडासाठी का नाही, हे मला कळलेलं नाही.

जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत दंडाची रक्कम ठरलेली नसेल तिथे तो ‘अवाजवी नसावा’ एवढंच म्हटलं आहे. कुणाच्या मानाने अवाजवी, ते सांगितलेलं नाही. उलट फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत दंड थकला तर किती कैद, हा जुन्या संहितेतला १८६० चा तक्ता वाढवला. पूर्वी ५० रुपयांपर्यंत दोन महिने होते, १०० पर्यंत चार, त्यापुढे सहा. आता ५,००० पर्यंत दोन, १०,००० पर्यंत चार, त्यापुढे एक वर्ष.

२०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. त्या वर्षीच्या सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत मदत ठरली होती. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंगाचे प्रभारी न्यायाधीश यांची जिल्हा समिती नावं मंजूर करते. योजना चांगली आहे, पण ती उलट्या टोकाने सुरू होते. आधी न झेपणारी रक्कम ठरवायची, माणूस आत बसवायचा, मग समिती बसवायची आणि ती रक्कम सरकारी तिजोरीतून भरायची. पहिल्याच दिवशी पाच प्रश्न विचारले असते तर यातलं बरंच टळलं असतं.

दंड किती, जामीन किती, हे न्यायाधीशांनी ठरवायचं. त्यात तुम्ही पडू नये. पण फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तिच्यावर केंद्राला आणि राज्याला दोघांनाही कायदा करता येतो. कलम ४६४ मधली दोन-तीन हप्त्यांची आणि तीस-तीस दिवसांची मर्यादा राज्याच्या दुरुस्तीने सैल करता येईल. राष्ट्रपतींची संमती लागेल, ती मागा. दुसरं म्हणजे, उच्च न्यायालयाला विनंती करा की क्रिमिनल मॅन्युअलमध्ये (फौजदारी न्यायालयांच्या कामकाजाच्या नियमपुस्तिकेत) एका पानाचा नमुना घालावा: रोजची मजुरी किती, घरात खाणारे किती, कर्ज किती, जमीन आहे का, गावाबाहेरचा आहे का. दंडाच्या किंवा जामिनाच्या आदेशाआधी तो साहेबांपुढे असावा. तिसरं, त्या जिल्हा समित्यांनी किती बैठका घेतल्या आणि किती जण सुटले, ते दर तीन महिन्यांनी जाहीर करा.

माझे एक वकीलमित्र म्हणतात, हा पंक्तिप्रपंच होईल. एकाच गुन्ह्याला दोन दंड कसे? फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड दिवसांत मोजतात आणि एका दिवसाची किंमत माणसाच्या कमाईवरून ठरते. तिथे गाडी जोरात हाकणाऱ्या श्रीमंताला लाखोंचा दंड बसल्याच्या बातम्या आपणही वाचतो. आमच्या खिडकीशी पावती न बघता जाणाऱ्यांपैकी काही जण तीच चूक करून पुन्हा आलेले मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठीही तो नमुना भरून घ्यावा.

नमुन्याचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. हाताने लिहिलेला आहे, क्षमस्व. टंकलेखन शाखेत माझी आता कुणाशी ओळख नाही.

आपला,
एक निवृत्त नाझर