वीरगळांवरचा ऑइलपेंट थांबवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात जा, मारुतीच्या पारापाशी एखादा वीरगळ (लढताना पडलेल्या वीराची कोरीव स्मृतिशिळा), सतीशिळा किंवा भंगलेली मूर्ती असतेच. पण आता दगड दिसत नाही, चकचकीत ऑइलपेंट दिसतो. गावकरी हे भक्तीने करतात, त्यांना मी बोल लावणार नाही. मात्र रंगाचा थर बसला की जमिनीतून दगडात चढलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. तिच्यातले क्षार थराखाली साचून फुगतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. पुढे रंग काढायला कुणी तारेचा ब्रश घेतो, कुणी अ‍ॅसिड. घोड्यावरच्या वीराचा चेहरा जातो तो तेव्हा.

याचा धडा आपल्याच मुलखात आहे. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे मोठे ऋण. पण चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले, आणि ते उतरवण्याचे किचकट काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले. नावाजलेल्या जाणकाराच्या हातून जे घडले, ते सँडब्लास्टिंगचे (वाळूचा जोरदार मारा करून दगड घासण्याचे) यंत्र आणि सिमेंटची पोती घेऊन आलेल्या कंत्राटदाराच्या हातून किती पटीने घडेल? चुन्याचा दर्जा ओळखणारा गवंडीही आता गावोगावी उरलेला नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या प्राचीन पॉम्पेई शहरात १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. एप्रिलची कोरडी हवा आणि श्रावणातली दमट हवा, या हेलकाव्यात हस्तिदंत तडकतो. अशा वस्तूंना कुलूप पुरत नाही, वर्षभर सारखी आर्द्रता लागते.

म्हणून मागणी एवढीच. जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला निधी देताना अभियंत्याच्या तांत्रिक मंजुरीसोबत प्रशिक्षित संवर्धकाची सही सक्तीची करा, आणि तसा शासन निर्णय काढा. छत्रपती संभाजीनगरातून आठही जिल्ह्यांत जाणारे फिरते संवर्धन पथक नेमा. हे पथक पुजारी, सरपंच आणि ग्रामसेवकांना दगड कसा धुवावा, काय लावू नये हे दाखवील; रंग उतरवायचा असेल तर आधी कोपऱ्यात छोटीशी चाचणी घेईल. शेंदुराची जिथे परंपरा आहे तिथे गावाला विश्वासात घेऊनच पाऊल टाकावे. सुरुवात नांदेड जिल्ह्यातले होट्टल, बीड जिल्ह्यातली धर्मापुरी आणि तेर या जुन्या गावांपासून करता येईल.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक इतिहास शिक्षक