मोटरच्या बटणाशेजारची भिंत

पुणे, ४ जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. आपलं सोलापूरचं घर विकायच्या जाहिरातीसाठी फोटो कसे काढायचे, हा विषय मी फोनवर काढला की बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई विचारते, "जेवलीस का?" म्हणून म्हटलं, लिहूनच पाठवावं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

बाबा, तुम्ही पाठवलेले त्रेचाळीस फोटो मी काल रात्री एकेक करून पाहिले. त्यातले अकरा पारिजातकाचे आहेत. गच्चीचा एकही नाही. पारिजातकाचे मी माझ्याकडे ठेवून घेतले, पण गिऱ्हाईक काही झाडाला पैसे देणार नाही. आणि सगळ्याच फोटोंवर एक धुकट साय आहे. आधी मला वाटलं, सकाळचं धुकं. मग आठवलं, सोलापुरात कसलं धुकं! लेन्सच्या काचेवर बोट लागलंय, आणि ते बोट कुठून आलं असेल तेही मला ठाऊक आहे. शेंगा चटणी खाऊन झाली की हात धुवा आणि मगच फोन उचला. काच चष्म्याच्या फडक्यानं पुसून घ्या, धोतराच्या सोग्यानं नको. निम्मे फोटो एवढ्यानंच सुधारतील. सहा वर्षं पोटासाठी हेच काम करतेय, तरी मीही कधीकधी विसरते.

आता हॉलचा फोटो. तुम्हीच सांगितलेली गोष्ट आहे. १९९१ साली गवंड्यानं हॉलची पश्चिमेची भिंत चार फूट उचलली, तुम्ही ओळंबा सोडून बघितलात तर बोटभर फरक निघाला, आणि तुम्ही ती भिंत उतरवायला लावलीत. आई अजून सांगते की गवंडी रागावून दोन दिवस आलाच नाही. तुमच्या फोटोत तीच भिंत जेवून सुस्तावलेल्या माणसासारखी मागे रेललीय! भिंतीचा दोष नाही, फोन कलला होता. फोन जरा जरी वर किंवा खाली झुकला तरी उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात. तुम्ही उभ्यानं, डोळ्यापाशी फोन धरून खाली झुकवता, म्हणजे फरशी जास्त दिसावी. त्याऐवजी फोनच खाली आणा, छातीच्या उंचीला, जमिनीपासून चारेक फुटांवर, आणि भिंतीसारखा सरळ उभा धरा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाळीच्या रेषा असतात, त्या चालू करून ठेवल्या आहेत मी मागच्या वेळी. दाराच्या चौकटीची कड त्या उभ्या रेषेला समांतर आली की झालं. तो तुमचा ओळंबाच समजा. फोन आडवा धरायचा, आणि दारात किंवा कोपऱ्यात उभं राहून दोन भिंती येतील असं बघायचं. तीन भिंती कोंबायच्या नाहीत.

कोंबण्यावरून सांगते. स्क्रीनवर ".५" लिहिलेलं बटण आहे ना, ते दाबलं की खोली एकदम मोठी होते आणि बाबांना ते फार आवडलेलं दिसतंय. मलाही आवडायचं. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका फ्लॅटचे फोटो मी तसेच काढले होते. बारा बाय दहाचा हॉल माझ्या फोटोत मंगल कार्यालयाएवढा दिसत होता आणि मी खूश होते. बघायला एक कुटुंब नाशिकहून गाडी करून आलं. त्या बाई दारात उभ्या राहिल्या, आत बघितलं, मग हातातल्या फोनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हॉल कुठाय?" चपला न काढताच गेली माणसं. फ्लॅट वाईट नव्हता. पण फसवल्यासारखं वाटलं की माणूस मग कपाटाच्या बिजागरीतसुद्धा खोट शोधतो. तेव्हापासून ते रुंद भिंग मी फक्त मोरीसाठी आणि जिन्यासाठी वापरते, जिथे मागे सरकायला जागाच नसते. बाकी सगळीकडे "१" वरच ठेवा.

रंगाचं जरा समजून घ्या. बाबा, तुमच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्या दिवशी तुम्ही घरी येऊन काय म्हणालात आठवतंय? आळीपाळीनं एकेक डोळा झाकत होतात. या डोळ्यानं भिंत पांढरी दिसते, त्या डोळ्यानं चहा सांडल्यासारखी. कॅमेऱ्याचं नेमकं तेच होतं. खिडकीतला उजेड निळसर, आतला बल्ब पिवळा, आणि ट्यूब तिसऱ्याच रंगाची. तिन्ही एकदम चालू असले की कॅमेऱ्याला ठरवता येत नाही खरा पांढरा कुठला. म्हणून तुमच्या फोटोत देवघराकडची भिंत पिवळी आणि खिडकीकडची हिरवट आलीय. दिवसा फोटो काढताना घरातले सगळे दिवे बंद. आई म्हणेल, अंधार दिसेल. नाही दिसत, पडदे पूर्ण सारा आणि खिडकी पाठीमागे किंवा बाजूला घेऊन उभे राहा. खिडकी समोर आली की कॅमेरा तिच्याकडे बघून खोली काळी करतो. मागच्या खोलीतल्या फोटोवर काळे पट्टे आलेत ना, ते भूत नाही, चोकच्या जुन्या ट्यूबचं लुकलुकणं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं.

बाहेरचा फोटो मात्र तुम्ही काढू नका, तो मी येऊन काढते. आपलं घर उत्तरमुखी, आणि एजंटकाका प्रत्येकाला ते "कुबेराची दिशा" म्हणून सांगतात. गिऱ्हाइकाला सांगायला ठीक, पण फोटोवाल्याला ही दिशा जड जाते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्ट लागेपर्यंत उत्तरेकडेच राहतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ घराच्या तोंडावर ऊन येतं. आत्ता जानेवारीत सूर्य दिवसभर घराच्या मागून जातो. त्यामुळे बाबांनी भर दुपारी काढलेल्या फोटोत मागे पांढरंफटक आभाळ आणि पुढे काळा ठोकळा. तोही उन्हाकडे तोंड करून काढलेला. मग काय करायचं? दिवेलागणीची वाट बघायची. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळला की पुढे वीस मिनिटं आभाळ गडद निळं राहतं, आणि आतल्या दिव्यांचा उजेड त्याच्याशी जुळतो. तेवढाच एक फोटो दिवे लावून काढायचा. पुढच्या पडवीचा, हॉलचा आणि जिन्याचा दिवा लावा, पडदे उघडे ठेवा. समोरच्या काकूंना विचारून ठेव आई, त्यांच्या गच्चीवरून पूर्ण घर येईल. त्यांच्या मुलाला म्हणावं, तेवढा वेळ मोटरसायकल आपल्या फाटकासमोरून हलव. विजेच्या तारा फोटोत येतील, येऊ देत. तारा पुसून टाकणारं ॲप माझ्याकडे आहे. पण आलेला माणूस मान वर करून बघणारच.

पौष संपल्याशिवाय जाहिरात टाकायची नाही, हे आईचं म्हणणं मला मान्य आहे. पण फोटो पौषातच काढू. याच दिवसांत सकाळी साडेआठला आग्नेयेच्या खिडकीतून ऊन थेट ओट्यावर येतं, उन्हाळ्यात ते येत नाही. फक्त ओट्यावर उन्हाचा लखलखीत तुकडा आणि बाकी काळोख असा फोटो नको, म्हणून अर्धा तास थांबायचं, ऊन खाली फरशीवर उतरतं तेव्हा काढायचा. शहाबादी आदल्या रात्रीच पुसून ठेव. अर्धी ओली, अर्धी सुकलेली असली की ढगाळल्यासारखी दिसते.

आता आई, तुझ्यासाठी. ओट्यावर मिक्सर, तेलाचा कॅन, औषधांची पेटी, कडक भाकरीचा डबा, काही नको. फक्त तांब्याचा हंडा राहू दे. पलंगावरची मोराची चादर मलाही जीव की प्राण आहे, पण ती पसरली की बघणाऱ्याची नजर खोलीवर जातच नाही, मोरावरच अडकते. एकरंगी चादर घाल आणि मोराची घडी करून पायथ्याशी ठेव. सोलापूरचं घर आहे, तेवढं दिसलंच पाहिजे. भिंतीवरचं कॅलेंडर काढ, त्यावर तू दूधवाल्याचा हिशेब आणि दादाच्या मुलांचे फोन नंबर लिहिले आहेस. आमचे लहानपणचे फोटो, किल्ल्या अडकवायचा आकडा, लाइट बिल, सगळं त्या दिवसापुरतं माळ्यावर. अनोळखी माणसं हे फोटो मोठे करून बघतात. देवांचा फोटो जाहिरातीत नको म्हणालीस, नाही घेणार. देवघराचा पडदा ओढून घेऊ.

मागच्या खोलीचं बोलायला हवं. बाबा, कपाट त्या भिंतीला कधी लावलं? दिवाळीत तर ते दारामागे होतं. ओल झाकायला सरकवलंय, हो ना? फोटोत ते अगदी मधोमध, खिडकी अर्धी झाकून उभं आहे, आणि कुणीही म्हणेल की याच्यामागे काहीतरी आहे. कपाट परत जागेवर न्या. पोपडे खरवडू नका, वर रंगही मारू नका, दोन पावसाळ्यांनंतर तो डाग परत वर येतोच. आहे तसा फोटो काढू आणि खाली लिहू की गच्चीच्या पन्हाळीचा सांधा गळतो. दुरुस्तीचा अंदाज घेऊन ठेवा, म्हणजे घासाघीस तेवढ्याच रकमेवर होईल. नाशिकच्या त्या बाई मला अजून आठवतात.

आणि पाणी. पुण्यात मी पार्किंगचा फोटो आधी टाकते, मोरीचा शेवटी. सोलापुरात मात्र घर बघायला येणारा पहिला प्रश्न एकच विचारतो, पाणी किती दिवसांनी येतं आणि साठवण किती. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात साडेनऊ हजार लिटरचा हौद हा मॉड्युलर किचनपेक्षा मोठा दागिना आहे, आणि तुमच्या त्रेचाळीसमध्ये त्याचा एकही फोटो नाही! हौदाचं लोखंडी झाकण उघडा आणि शेजारी बादली ठेवा, म्हणजे आकार कळेल. आतून आठ बाय सात बाय सहा फूट, हे मी खाली लिहीन. गच्चीवरच्या टाकीचा आणि मोटरचाही काढू.

मोटरवरून आठवलं. आई फोनवर म्हणाली की रंगारी सोमवारी येतोय आणि बाबांनी मोटरच्या बटणाशेजारी पेन्सिलीनं खरडलेली ती भिंत आधी रंगवून घेणार, "लोक काय म्हणतील" म्हणून. त्या भिंतीचा फोटो बाबांनी काढलाय, बहुधा चुकून, सत्ताविसावा. मी तो मोठा करून वाचला. पाणी आल्याची तारीख, किती वाजता आलं, किती वेळ चाललं, हौद किती इंच चढला. खालचे आकडे पुसट, त्यावर नवे. एके ठिकाणी "पहाटे ३.१०, दाब नाही" आणि त्यापुढे आईच्या अक्षरात "झोपा आता". गेल्या उन्हाळ्यातली सगळ्यात लांब ओढ सात दिवसांची, आणि त्या सात दिवसांनंतरही हौदात चौदा इंच पाणी शिल्लक होतं, हे तिथे लिहिलेलं आहे.

घेणाऱ्याला आपण तोंडानं हजार गोष्टी सांगू, त्याला ते पटेलच असं नाही. ही भिंत पटेल. जाहिरातीत हा फोटो मी हॉलच्या लगेच नंतर लावणार आहे. फक्त बाबांचा फोटो तिरका आहे आणि त्यात त्यांची सावली पडलीय, म्हणून तो मी परत काढेन.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघते, तिवई आणि मोठा कॅमेरा घेऊन. जेवायला थांबू नका. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रिक्षा मिळायला वेळ लागेल, तरी बाबांनी स्टेशनवर यायचं नाही. तोवर तुम्ही काढलेले जे फोटो नीट आलेत ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक होतात. दादाचा धाकटा करून देईल. आणि रंगाऱ्याला सोमवारी सांगा, मोटरजवळची भिंत सोडून बाकीची कर.

तुमची,
ताई