नावातले 'अव्वा' आणि 'अक्का' गाळू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सकाळी आपले दैनिक हातात आले की मी आधी निधनवार्तांचे सदर वाचते. सत्तरी गाठल्यावर ओळखीचे कोणी गेले का हे पाहण्याची सवय लागतेच, परंतु माझे आणखी एक कारण आहे. गडहिंग्लज, कागल, शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांतून येणाऱ्या त्या चार-चार ओळींच्या बातम्यांत मला गंगव्वा, निंगव्वा, लक्कव्वा, बसव्वा, पद्माक्का, चंपाक्का, रत्नाक्का ही नावे भेटतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे छोटे चौकोनही मी वाचते, आणि त्यांत यांपैकी एकही नाव मला गेल्या कित्येक वर्षांत दिसलेले नाही.

गेल्या श्रावणात माझी आत्या वारली. तिचे नाव गौरव्वा. आम्ही लिहून दिलेल्या कागदावर हेच नाव स्पष्ट अक्षरांत होते, तरीही एका दैनिकात (ते आपले नव्हे) ते 'गौराबाई' असे छापून आले. चौकशी केली तेव्हा 'वाचायला बरे वाटावे म्हणून दुरुस्त केले' असे उत्तर मिळाले. तिच्या माहेरच्या गावात गौराबाई या नावाने तिला कोणी ओळखत नव्हते. त्यामुळे दोन घरांना कोण गेले हे कळलेच नाही आणि रक्षाविसर्जनाला ती माणसे आली नाहीत. आठ दिवसांनी ती रडतच दारात आली, तेव्हा हे पत्र लिहायचे मी ठरवले.

या नावांच्या शेवटी जे येते तो निरर्थक लटका प्रत्यय नाही. कन्नडमध्ये 'अव्वा' म्हणजे आई आणि 'अक्का' म्हणजे थोरली बहीण. पुरुषांच्या नावांत येणारे 'अप्पा' म्हणजे वडील आणि 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात माणसाच्या नावाला नाते जोडूनच ते उच्चारण्याची रीत आहे, आणि हे नाते आदरासाठी वेगळे लावावे लागत नाही, ते नावातच मुरलेले असते. परक्या माणसाने गंगव्वाला हाक मारली तरी तो तिला 'गंगा आई' असेच म्हणतो, मग त्याच्या मनात असो वा नसो. आपल्याकडचे 'आक्काताई' हे नाव तर मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात थोरल्या बहिणीसाठीचा कन्नड शब्द आणि थोरल्या बहिणीसाठीचाच मराठी शब्द एकमेकांच्या हातात हात घालून उभे आहेत.

एकतीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे एका गोष्टीकडे माझे लक्ष नेहमी जाते, ती म्हणजे या नावांतला संधी. संस्कृतच्या नियमाने गंगा आणि अव्वा हे शब्द जोडले तर दोन 'अ' मिळून दीर्घ 'आ' व्हायला हवा, पण आपण 'गंगाव्वा' म्हणत नाही. कन्नडमध्ये अशा वेळी आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर लोप पावतो, म्हणून 'गंगव्वा' होते. याउलट 'अक्का' मात्र कोल्हापूरच्या मराठीत आल्यावर मराठी-संस्कृत वळण घेते. पद्मा आणि अक्का मिळून कन्नडमध्ये 'पद्मक्का' होते, तर आपण 'पद्माक्का' म्हणतो. बेळगाव जिल्ह्यातील चिंचलीच्या देवीला कन्नड माणूस 'मायक्का' म्हणतो आणि माघातल्या यात्रेला बैलगाडी जुंपून जाणारा आपला माणूस 'मायाक्का' म्हणतो. निंगप्पाचा 'निंगाप्पा' याच वाटेने झाला. एकाच घरात आजी गंगव्वा आणि तिची जाऊ पद्माक्का असेल, तर त्या घरात दोन भाषांची व्याकरणे एका चुलीपाशी बसलेली असतात.

ही नावे गावंढळ आहेत असे मानणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहावे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'अम्बार्थनद्योर्ह्रस्वः' असे सूत्र आहे. आई या अर्थाच्या शब्दांचे संबोधन करताना शेवटचा स्वर ऱ्हस्व होतो, असे ते सांगते, आणि त्याची उदाहरणे देताना काशिका या टीकेत 'हे अम्ब' याच्या शेजारीच 'हे अक्क' असे दिलेले आहे. म्हणजे आपली अंबाबाईतली अंबा आणि पद्माक्कातली अक्का यांना वैयाकरणांनी फार पूर्वीच एका पंक्तीला बसवले आहे. जुन्या कन्नडमध्ये अव्वाचे रूप 'अब्बे' असे होते. दहाव्या-अकराव्या शतकातील अत्तिमब्बे या जैन स्त्रीने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती हाताने लिहवून वाटल्या आणि लक्कुंडीला जिनालय उभारले. छपाई नसलेल्या काळात एका ग्रंथाच्या हजार प्रती करणारी ही बाई, आणि तिच्या नावाच्या शेवटी तोच शब्द आहे जो आपण आज 'वाचायला बरे वाटावे म्हणून' काढून टाकतो. बाराव्या शतकातील वचनकार अक्कमहादेवी हिला तर शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या परिवारातल्या शिवभक्तांनी, अक्का हीच पदवी दिली. आणि हे केवळ कन्नडचे वैशिष्ट्य आहे असेही नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या परिवारातल्या स्त्रिया महदाइसा, देमाइसा, उमाइसा अशा नावांनी लीळाचरित्रात वावरतात. त्यांतला 'आइ' म्हणजे आपली आईच. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचा आपण गौरव करतो तिला महदाइसा म्हणतात आणि महदंबाही म्हणतात, म्हणजे कसेही म्हटले तरी नावाच्या शेवटी आई आहेच.

नावांचा पूर्वार्ध पाहिला तर तो बहुधा देवतेचा असतो. लक्कव्वातली 'लक्क' म्हणजे लक्ष्मी. बसव्वातला 'बसव' हा वृषभ शब्दाचा कन्नड अवतार असून त्यात नंदीही आहे आणि महात्मा बसवेश्वरही आहेत. निंगव्वामध्ये लिंगातल्या 'ल'चा 'न' झाला आहे. मल्लव्वामध्ये मल्लिकार्जुन आहे, आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या जैन घरांतील पद्माक्कामध्ये पार्श्वनाथांची यक्षी पद्मावती आहे. काही नावे मात्र देवाची नाहीत, भीतीची आहेत. कल्लव्वातला 'कल्लु' म्हणजे दगड आणि तिप्पव्वातले 'तिप्पे' म्हणजे उकिरडा. आधीची लेकरे हाताशी न लागल्यावर जगलेल्या मुलीचे नाव तिप्पव्वा ठेवायचे, म्हणजे तिच्यावर कोणाची दृष्ट जाणार नाही, हा त्यामागचा आईबापांचा विचार. आपल्याकडच्या धोंडाबाई, दगडाबाई आणि केराबाई याच भीतीतून आल्या. ही नावे उच्चारताना मला कधी हसू आले नाही.

माझे स्वतःचे पाळण्यातले नाव बाळव्वा. मराठी कानाला त्यात बाळ ऐकू येते आणि कन्नड कानाला 'बाळु', म्हणजे जगणे. हे माझ्या आजीचे नाव. ती माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी गेली आणि म्हणून ते मला मिळाले. सुनेने सासूचे नाव घ्यायचे नाही अशी त्या काळची रीत होती, त्यामुळे माझ्या आईने जन्मभर मला 'अव्वा' एवढीच हाक मारली. चार दिवसांच्या तान्ह्या मुलीला तिची स्वतःची आई 'आई' म्हणून हाक मारते, ही गोष्ट मी स्वतः आई झाले तेव्हा मला खरी समजली. शाळेच्या पटावर मात्र माझे नाव बदलून घातले गेले, आणि पुढे सगळीकडे तेच चालले. आजीची पितळेची घागर माझ्याकडे आहे. तिच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी नाव कोरलेले आहे. कोरणाऱ्याला जोडाक्षर नीट साधलेले नाही, त्यामुळे एक 'व' दुसऱ्याच्या खाली लोंबकळत आहे आणि शेवटच्या कान्याची टिंबे घागरीच्या पोटावर उतरली आहेत. चिंचेने घासताना बोटाला अजूनही ते जोडाक्षर लागते.

या बदलाचा त्रास केवळ मनाला होतो असे नाही. आत्याच्या जमिनीची वारसनोंद करताना सातबाऱ्यावर 'गौरव्वा', आधार कार्डावर 'गौरा' आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'गौराबाई' असे निघाले. ही तिन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे सांगणारे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी माझ्या आतेभावाला चार हेलपाटे घालावे लागले. बाईच्या नावाशी असे कोणीही यावे आणि काहीही करावे, कारण तिला कधी कोणी विचारलेलेच नसते.

'ही नावे कन्नड आहेत, आपण मराठी माणसांनी त्यांचा कैवार का घ्यावा', असा प्रश्न मला माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याने विचारला. सीमाभागातल्या मराठी माणसावर झालेल्या अन्यायाचे दुःख मलाही आहे, माझे निम्मे माहेर त्या बाजूला आहे. परंतु राज्य पुनर्रचना १९५६ सालची, आणि कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे कन्नड शिलालेख त्याच्या कितीतरी शतके आधीचे. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या मंदिरात उभे राहून कोणी भाषेची हद्द आखून दाखवावी. ज्या घरात मराठीशिवाय दुसरी भाषा बोलली जात नाही, त्या घरातल्या आजीचे नावही गंगव्वा असते, आणि म्हणून ते नाव मराठीच आहे.

सरसकट सगळी जुनी नावे परत आणावीत असे माझे म्हणणे नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली, ते योग्यच झाले. यल्लव्वा या नावाविषयी मात्र मला अधिक काळजीने लिहावे लागेल. सौंदत्तीच्या यल्लम्मावर, म्हणजे रेणुकेवर, कोल्हापूरकरांची अपार श्रद्धा आहे. मार्गशीर्षात सौंदत्तीला जाऊन आल्यावर आपल्या ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते. पण याच देवीच्या नावाने मुलींना देवदासी म्हणून सोडण्याची दुष्ट प्रथा चालली, आणि ती बंद करण्यासाठी कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला. त्या प्रथेच्या छायेमुळे अनेक घरांनी यल्लव्वा हे नाव टाकले. त्या आयांना दोष देण्याची माझी छाती नाही. तरीही दोष नावाचा नव्हता, मुलीला सोडणाऱ्यांचा होता, हेही कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे.

आपल्याकडे माझी विनंती साधी आहे. निधनवार्तेत घरच्यांनी जसे नाव लिहून दिले असेल तसेच, जोडाक्षरासकट, छापावे. अव्वाच्या किंवा अक्काच्या जागी 'बाई' घालू नये. रविवारच्या पुरवणीत बारशासाठी नावे सुचवणारी चौकट येते, तिच्यात परदेशी वळणाच्या नावांबरोबर कधी गौरव्वा, रत्नाक्का, मायाक्का हीही नावे अर्थासह द्यावीत. एखाद्या तरुण आईला त्यांतले एखादे आवडेलही. आणि वाचकांना माझे सांगणे आहे की आपल्या आजीचे, पणजीचे पूर्ण नाव आणि ते तिला कोणावरून मिळाले हे आजच वहीत लिहून ठेवावे, कारण हे सांगू शकणारी माणसे आता प्रत्येक घरात एखाददुसरीच उरली आहेत.

माझी बातमी आपल्या सदरात येईल तेव्हा घरचे लोक सवयीने माझे शाळेतले नाव लिहून देतील. त्या नावाच्या आधी 'बाळव्वा' असे लिहायचे, आणि दोन्ही 'व' नीट दिसले पाहिजेत, हे मी माझ्या मुलाला सांगून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर