डबक्यातलं इंद्रधनुष्य

संपादक साहेब, नमस्कार.

परवा पाऊस पडून गेल्यावर भुसावळला स्टँडजवळच्या डबक्यात सांडलेल्या डिझेलचे रंग बघून नातीने विचारलं, आजोबा, डिझेल तर पिवळट असतं मग हे जांभळं हिरवं कुठून आलं? तिच्या क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय म्हणे 'तेलात सात रंग असतात'. आता काय बोलावं!

अहो रंग तेलात नाहीच, तो उजेडाच्या लाटांचा खेळ आहे. डिझेलचा थर पाण्यावर इतका पातळ पसरतो की त्याची जाडी उजेडाच्या लाटेच्याच मापाची होते, मग थोडा उजेड थराच्या वरूनच परततो, थोडा खालपर्यंत जाऊन परततो आणि त्या दोन लाटा भेटतात, जुळल्या तर तो रंग उठून दिसतो, उलट पडल्या तर मरतो. जांभळ्याची लाट साधारण ४०० नॅनोमीटर, लालची ७०० च्या आसपास (एका मिलिमीटरात १० लाख नॅनोमीटर, करा हिशोब), म्हणून थर कमी जास्त झाला की रंग सरकतो. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ च्या सुमारासच हे लाटांचं गणित मांडलं होतं. मोरपिसाचंही तसंच, त्यात निळा रंग भरलेलाच नसतो, पीस कुटलं तर काळपट तपकिरी पूड निघते. नातीला पटेना, मी म्हटलं साबणाचा फुगा करून बघ.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अशा गोष्टींना अर्धं पान द्या की, राशिभविष्याला तर देताच.

एक रिटायर वायरमन, वरणगाव